साकातेपेकची जागा कुणाच्या मालकीची?

एप्रिल 2020 मध्ये करोनाच्या निमित्ताने दुसऱ्या श्रेणीचा हंगाम अर्ध्यावर गुंडाळताना मेक्सिकोच्या फुटबॉलमधल्या पहिल्या श्रेणीतल्या क्लबमालकांनी आणखी एक काम उरकून घेतलं. सहा वर्षांपर्यंत कुणी वर येणार नाही आणि कुणी खाली जाणार नाही, असा ठराव त्यांनी केला. दुसऱ्या श्रेणीचं नाव बदलून ‘लिगा दे एक्स्पान्सिओन’ झालं. तिथल्या विजेत्याला चषक मिळणार, बढती मात्र नाही. तेव्हापासून तिथे वाद धुमसतो आहे. 2025 मध्ये तर खालच्या श्रेणीतल्या काही क्लबांनी हे प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत नेलं. वाद महत्त्वाचाच आहे, पण तो ज्या तऱ्हेने घातला जातो ते पाहून कपाळावर हात मारावासा वाटतो. एक बाजू म्हणते, छोट्या गावांचं स्वप्न मारलं. दुसरी म्हणते, स्वप्नांवर पगार होत नाहीत. दोघांचंही खरं आहे आणि दोघेही मुद्द्याला बगल देऊन जातात.

माझं म्हणणं असं: बढती आणि घसरण परत यायलाच हवी, पण गरीब गावांना स्वप्नं पाहता यावीत म्हणून नव्हे. ती नसली की पहिल्या श्रेणीतली जागा मैदानावर कमावायची आणि गमवायची गोष्ट राहत नाही, ती मालकाच्या तिजोरीतला कागद होते. कागद म्हटला की तो विकता येतो, दुसऱ्या शहरात नेता येतो, अडचणीच्या वेळी मोडता येतो. याच न्यायाने, जागांचा बाजार चालू ठेवून नुसती बढती परत आणली तर तिचाही काडीचा उपयोग नाही. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, हे समजायला मोरेलोस राज्यातल्या साकातेपेक या उसाच्या गावच्या क्लबचा इतिहास पुरेसा आहे.

आधी आमच्याच बाजूचा एक लंगडा युक्तिवाद बाजूला काढतो. 2022 च्या कतार विश्वचषकात मेक्सिको गटसाखळीतच गारद झाला. 1994 ते 2018 अशा सलग सात विश्वचषकांत बाद फेरी गाठणारा संघ 1978 नंतर पहिल्यांदाच असा लवकर घरी परतला, आणि लगेच ओरड सुरू झाली की घसरण बंद केल्याचं हे फळ. दोन वर्षांपूर्वीच्या ठरावाचं फळ इतक्या लवकर कसं येईल? कतारमध्ये खेळलेले बहुतेक खेळाडू घसरणीची टांगती तलवार असलेल्या लीगमध्येच घडले होते. असले पुरावे पुढे केले की समोरच्याचं काम सोपं होतं. तो एवढंच खोडून काढतो आणि बाकीचं ऐकतच नाही.

आता साकातेपेक. वस्ती पन्नास हजारांच्याही आत, चहूबाजूंनी ऊस, मधोमध कारखान्याचं धुराडं. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी 1938 मध्ये इथे ‘एमिलियानो सापाता’ साखर कारखान्याचं उद्घाटन केलं. जमीनवाटपात जमीन मिळालेले शेतकरी आणि कारखान्यातले कामगार यांची ही सहकारी संस्था. आपल्याकडे प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला त्याच्या दहा-बारा वर्षं आधीची ही गोष्ट. या कारखान्याच्या छायेत 1940 च्या दशकाच्या अखेरीस फुटबॉल क्लब उभा राहिला. 1950-51 मध्ये मेक्सिकोत पहिल्यांदाच दुसरी श्रेणी सुरू झाली आणि त्या पहिल्यावहिल्या हंगामाचा विजेता ठरला साकातेपेक. म्हणजे मेक्सिकोच्या फुटबॉलमध्ये मैदानावर जिंकून वरच्या श्रेणीत गेलेला पहिला संघ कुठल्या महानगराचा नव्हता, तो उसाच्या फडातून आलेला होता.

वर जाऊन तो नुसता तग धरून राहिला असता तरी कौतुक झालं असतं. पण इग्नासिओ त्रेयेस या प्रशिक्षकाच्या हाताखाली साकातेपेकने 1954-55 मध्ये थेट देशाचं विजेतेपद पटकावलं आणि 1957-58 मध्ये पुन्हा. त्रेयेस यांनी पुढे तोलुका आणि क्रूस असुल या संघांनाही विजेतेपदं मिळवून दिली आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाचे ते सर्वात नावाजलेले प्रशिक्षक ठरले. एरवी मेक्सिकोत पाहुण्या संघांची तक्रार असते ती उंचीबद्दल. राजधानी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे, तिथे परक्याला धाप लागते. साकातेपेकला गणित उलटं. राजधानीचे खेळाडू हजाराहून जास्त मीटर खाली उतरून यायचे आणि उन्हाच्या कढईत पडायचे. ‘कोरुको’ दियासच्या नावाचं तिथलं मैदान पुढे ‘उसाचं जंगल’ म्हणून ओळखलं गेलं, आणि पाहुण्यांना नको वाटणारा दुपारचा उकाडा ही घरच्या संघाची हक्काची कुमक होती.

इथे विरोधकांचा सगळ्यात धारदार मुद्दा येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतील, कसली गुणवत्ता आणि कसलं मैदान? एवढ्याशा गावाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं ते कारखान्याच्या पैशावर. आणि तो पैसा तरी कुणाचा? कारखाना नावाला सहकारी, पण व्यवस्थापक सरकारने नेमलेला. संचालक मंडळाचे पहिले अध्यक्ष रुबेन हारामियो हे मेक्सिकन क्रांतीचे नेते झापाटा, म्हणजे तिथल्या उच्चारात सापाता, यांच्या सैन्यात लढलेले शेतकरी पुढारी. त्यांचं आणि व्यवस्थापनाचं लवकरच फाटलं. 1942 च्या संपानंतर त्यांना भूमिगत व्हावं लागलं, त्यांनी शस्त्र उचललं, पुढे माफी मिळून ते राजकारणात आले आणि 1962 मध्ये सैनिकांनी त्यांना गरोदर पत्नी आणि मुलांसह घरातून नेऊन गोळ्या घातल्या. संघ चषक उंचावत होता त्याच वर्षांत ऊस उत्पादक भावासाठी आणि वजनकाट्याच्या हिशेबासाठी भांडत होते. कारखान्याच्या पैशावर चालणाऱ्या हौशीमौजी आणि उसाला मिळणारा दर यांचं नातं कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला समजावून सांगायला नको. तेव्हा साकातेपेकची गोष्ट परीकथा म्हणून सांगणाऱ्यांनी जरा जपून सांगावी.

पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय निघतो? पैसा खेळात नेहमीच होता, एवढाच. प्रश्न असा की त्या पैशाने काय विकत घेता येत होतं. 1950 मध्ये कारखाना चांगले खेळाडू घेऊ शकत होता, चांगला प्रशिक्षक नेमू शकत होता, मैदान राखू शकत होता. पहिल्या श्रेणीतली जागा मात्र त्याला विकत घेता येत नव्हती. ती हंगामभर खेळून मिळवावी लागली. हिदाल्गो राज्यातल्या हास्सो या सिमेंटच्या गावीही तेच घडलं. तिथल्या कामगारांच्या सहकारी संस्थेचा क्रूस असुल 1964 मध्ये वर आला आणि पाचच वर्षांत देशाचा विजेता झाला. (पुढे 1971 मध्ये तोही राजधानीला गेला. स्थलांतराचा रोग जुना आहे, हे मी नाकारत नाही.) पैसा मैदानातून जातो तेव्हा त्याला हरण्याची भीती असते. बैठकीच्या खोलीतून जाणाऱ्या पैशाला ती नसते. हा फरक छोटा आहे का?

साकातेपेक पुढे घसरला. एकदा नव्हे, अनेकदा. साठच्या दशकात खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. 1980 च्या दशकाच्या मध्यानंतर तर पहिली श्रेणी त्याला दिसलीच नाही. घसरणीने क्लब मरतात, असं सांगणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. इतक्या वेळा खाली जाऊनही क्लब गावातच राहिला, मैदान तेच राहिलं, उन्हात बसणारे लोकही तेच राहिले. खाली गेलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा झटायला मोकळा असतो. साकातेपेकचा संघ गावातून गेला तो मैदानावर हरून नव्हे, कुणीतरी सही केली म्हणून.

मेक्सिकोत हा बाजार कसा चालतो ते एका वर्षाच्या हिशेबातून कळतं. 2013 मध्ये मिचोआकान राज्यातल्या ला पिएदाद या गावचा संघ दुसऱ्या श्रेणीत जिंकून बढतीला पात्र ठरला. गाव नाचलं असेल नसेल, पण पहिल्या श्रेणीचा एकही सामना तिथे झाला नाही, कारण संघाचा परवाना, म्हणजे श्रेणीतल्या जागेचा तो कागद, उचलून वेराक्रुसला नेण्यात आला. त्याच उन्हाळ्यात केरेतारो खाली घसरला आणि तरीही वरच राहिला. चियापासचा परवाना त्याने विकत घेतला होता. मग संघाविना राहिलेल्या चियापासला सान लुईसचा परवाना मिळाला. मैदानावर ठरलेला निकाल टेबलावर फिरवण्याची ही पद्धत पाहिली की प्रश्न पडतो: 2020 मध्ये नेमकं काय बंद केलं गेलं? जे बंद केलं ते आधीच पोखरलेलं होतं.

विरोधक नेमका हाच धागा पकडतात. ते म्हणतात, जी गोष्ट धड अस्तित्वातच नव्हती तिच्यासाठी कशाला रडता? शिवाय 1990 च्या दशकापासून घसरण एका हंगामाच्या गुणांवर नव्हे तर तीन वर्षांच्या सरासरीवर ठरत होती. म्हणजे एखाद्या बड्या संघाचं एक वर्ष वाईट गेलं तरी त्याला अभय, आणि नव्याने वर आलेल्याच्या डोक्यावर मात्र पहिल्या दिवसापासून तलवार. आक्षेप बरोबर आहे. पण नळ गळतो म्हणून पाणीच तोडायचं का? मोडलेल्या नियमाचं उत्तर नियम नीट करणं हे असतं. आणि नियम मोडल्यावर काय होतं, याचा सगळ्यात कडू धडा वेराक्रुसनेच दिला.

ला पिएदादच्या परवान्यावर उभा राहिलेला हा वेराक्रुस 2018-19 मध्ये सरासरीच्या तक्त्यात तळाला गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याला 12 कोटी पेसो भरून पहिल्या श्रेणीत राहता येत होतं. ते भरले गेले आणि संघ राहिला. आदल्या वर्षी पुएब्लाच्या लोबोस बुआपनेही तेच केलं होतं. तेव्हा दुसऱ्या श्रेणीतून तापाचुलाचा काफेतालेरोस जिंकून आला होता, पण लीगच्या अटींमध्ये बसला नाही, म्हणून त्याला बढतीऐवजी पैसे मिळाले. लोबोसने ते पैसे मोजून जागा राखली आणि वर्षभराने ती हुआरेसला विकून टाकली. वेराक्रुसने मात्र राखलेल्या जागेचं काय केलं? चाळीसहून अधिक सामने तो संघ जिंकला नाही. खेळाडूंचे पगार थकले. ऑक्टोबर 2019 मध्ये तिग्रेसविरुद्धच्या सामन्यात शिट्टी वाजली आणि वेराक्रुसचे अकरा जण जागच्या जागी उभे राहिले. थकलेल्या पगाराचा निषेध. तिग्रेसचे खेळाडू मिनिटभर थांबले, मग खेळू लागले आणि उभ्या असलेल्या माणसांच्या मधून त्यांनी गोल केला. हा प्रकार टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिला. डिसेंबरात महासंघाने क्लबची संलग्नता रद्द केली.

आता सांगा, स्थैर्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा पुरावा की आमचा? ते म्हणतात, बघा, कंगाल क्लबांना वर येऊ दिलं की असं होतं. पण वेराक्रुस जिंकून वर आलेला नव्हता, परवाना घेऊन आला होता. आणि हरून खाली जायला हवा होता तेव्हा पैसे भरून वर थांबला होता. मैदानाचा कौल पाळला असता तर तो 2019 च्या उन्हाळ्यातच खाली गेला असता. खेळाडूंचे थकलेले पगार त्याने कदाचित वाचले नसते. निदान तळाला गेलेल्या क्लबाने 12 कोटी जागा राखण्यावर उधळले नसते.

खालच्या श्रेणीची आर्थिक दुरवस्था खरी आहे, यात वाद नाही. पगार थकणं, मालक अर्ध्या हंगामात पळणं, कुणाकडे धड सराव मैदान नसणं, हे सगळं तिथे होतं. म्हणून लीगने पात्रतेच्या अटी ठेवल्या: अमुक क्षमतेचं मैदान, अमुक ताळेबंद, अमुक युवा संघ. अटी असाव्यात. पण अटी पूर्ण झाल्या की नाही हे ठरवणार कोण? ज्यांच्यातल्याच एकाला खाली जावं लागणार आहे ते! इंग्लंडमध्ये 1986-87 पूर्वी असंच होतं. लीगच्या तळाच्या चार क्लबांनी दरवर्षी बाकीच्या क्लबांसमोर मतं मागायची आणि बाहेरच्या दावेदारांनीही मागायची. बहुतेक वेळा आतले आतल्यांनाच मत देत. आपापसात सांभाळून घेण्याचा तो प्रकार मोडून थेट बढती सुरू झाली तेव्हाही छोटे क्लब बुडतील अशी भाकितं होती. पहिल्याच वर्षी स्कारबरो वर आला आणि लिंकन सिटी खाली गेला. लिंकन पुढच्याच वर्षी परत वर आला.

बंद लीग चालवायचीच तर ती पूर्ण चालवा, असंही कुणी म्हणेल. अमेरिकेत घसरण नाही तरी तिथली एमएलएस ही फुटबॉल लीग फोफावली की. फोफावली. पण तिथे पगारांवर मर्यादा आहे, उत्पन्नाची वाटणी आहे, आणि नवा संघ घ्यायचा तर लीगला प्रवेशशुल्क मोजावं लागतं. मेक्सिकोने तिथली बंदी तेवढी उचलली. वाटणी उचलली नाही. घसरणीच्या बदल्यात आला दंड: सरासरीच्या तळाच्या तीन संघांनी, अलीकडच्या दरानुसार, 8 कोटी, 4 कोटी 70 लाख आणि 3 कोटी 30 लाख पेसो भरायचे. गर्भश्रीमंत मालकाला हा दंड म्हणजे एका बऱ्या परदेशी खेळाडूची किंमत. नापास व्हायची फी ठरली की अभ्यास कोण करणार?

आणि मग 2020 चं ते साखळी स्थलांतर. मोरेलियाचा संघ 1981 पासून पहिल्या श्रेणीत होता, 2000 च्या हिवाळ्यात देशाचा विजेता झाला होता. 2017 मध्ये घसरणीच्या अगदी काठावर असताना मॉन्तेरेईच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत राउल रुईदियासने गोल केला आणि संघ तरला. मैदानावर जीव वाचवलेला हा संघ तीन वर्षांनी, जून 2020 मध्ये, खाली न घसरता शहरातून गेला. मालकांनी तो पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मासात्लानला नेला, जिथे सिनालोआ राज्य सरकारने सार्वजनिक पैशातून नवंकोरं मैदान बांधून ठेवलं होतं. मोरेलियाचे लोक रस्त्यावर उतरले. त्यांची समजूत कशी घातली गेली? दुसऱ्या श्रेणीतला साकातेपेकचा परवाना मोरेलियाला आणून. देशातला पहिला बढती मिळवणारा क्लब दुसऱ्या एका शहराची नुकसानभरपाई म्हणून खर्ची पडला. इकडे मोरेलोस सरकारने काही वर्षांपूर्वीच जनतेच्या पैशातून साकातेपेकचं मैदान वीस हजारांहून अधिक आसनांचं करून दिलं होतं. मैदान राहिलं, संघ गेला.

साकातेपेकच्या बाजूने हळहळताना एक गोष्ट लपवायला नको. जो परवाना 2020 मध्ये गेला, तो 2017 मध्ये आला होता तेपिकहून. कोरास या तिथल्या संघाचा तो परवाना होता. तेपिकच्या लोकांनी तेव्हा जे सोसलं ते तीन वर्षांनी साकातेपेकच्या वाट्याला आलं. म्हणूनच नुसतं ‘अमुक मालक वाईट’ म्हणून भागत नाही. या रचनेत प्रत्येक गावाला आपला संघ मिळवायचा तर दुसऱ्याचा हिसकावूनच मिळवावा लागतो. असं का? कारण तळापासून चढून येण्याची वाटच शिल्लक नाही.

या वाटेची खरी किंमत विम्बल्डनच्या लोकांना विचारावी. 2002 मध्ये त्यांचा क्लब नव्वदेक किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला नेण्याची परवानगी दिली गेली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत पाच बढत्या घेत 2011 मध्ये ते व्यावसायिक लीगमध्ये परतले. पुढे तर पळवलेल्या क्लबच्याच श्रेणीत त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांचं दुःख मोरेलियापेक्षा कमी नव्हतं. फरक इतकाच की त्यांना कुणाचा परवाना पळवावा लागला नाही. बढतीचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हा आहे. लुटल्या गेलेल्या गावाकडे तेवढा एकच कायदेशीर उपाय असतो, आणि तो आहे हे माहीत असलं की लुटणाऱ्याच्या हातातल्या कागदाची किंमतही उतरते. वर येता येत असेल तर जागेसाठी कोट्यवधी मोजणार कोण?

हे सगळं दूरदेशीचं म्हणून आपण गंमत पाहत बसावं, अशी आपली अवस्था नाही. 2019 मध्ये एफसी पुणे सिटीचा गाशा गुंडाळला गेला आणि आयएसएल या आपल्या फ्रँचायझी लीगमधली ती जागा हैदराबादच्या नावे झाली. 2025 मध्ये हैदराबादचा संघही दिल्लीला गेला. पुण्यात किती जणांना हळहळ वाटली कोण जाणे, आणि त्याचं कारणही हेच: जो संघ खेळून आला नाही तो गेल्याचं दुःख तरी कसं व्हायचं? याउलट गोव्यात साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या जुन्या क्लबांनी 2016 मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं, कारण वर जायची वाट मैदानातून नव्हे तर फ्रँचायझीच्या शुल्कातून जाणार हे त्यांना दिसत होतं. पुढे आपल्याकडे दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्याला बढती देण्याची सोय झाली, आणि 2023 मध्ये पंजाबचा संघ त्या वाटेने वर गेला. मेक्सिको नेमका उलट दिशेने चालला आहे.

मालकांचा एक सवाल उरतोच: घाट्यात चाललेला क्लब त्याच गावात चालवायची सक्ती आमच्यावर का? सक्ती मुळीच नको. मालकाला कंटाळा आला तर त्याने क्लब गावातल्या कुणाला, चाहत्यांच्या संस्थेला, हव्या त्याला विकावा. त्याला दुसऱ्या शहरात संघ काढायचा असेल तर तोही खुशाल काढावा, सगळ्यात खालच्या पायरीवरून. फक्त जुन्या गावाने कमावलेली श्रेणी त्याने सोबत नेऊ नये. 2007 मध्ये स्पेनमध्ये सिउदाद दे मुर्सियाची दुसऱ्या श्रेणीतली जागा विकत घेऊन ती ग्रानादाला नेण्यात आली, त्यानंतर फिफाने आपल्या नियमात लिहूनच टाकलं की देशांतर्गत स्पर्धेतला प्रवेश मुख्यतः खेळातल्या कामगिरीवर ठरावा. नियम आहे, तो मेक्सिकोलाही लागू आहे. पण त्यावर बोट कोण ठेवणार? 2025 च्या क्लब विश्वचषकातून फिफाने लेओनला बाहेर काढलं, कारण लेओन आणि पाचुका यांचा मालक एकच. स्वतःच्या स्पर्धेचा प्रश्न आला तेव्हा नियम आठवला. ज्या मालकसभेत 2020 चा ठराव झाला तिथेही एकेका उद्योगसमूहाकडे दोन-दोन क्लब होते, म्हणजे घसरण असावी की नसावी यावर दोन-दोन मतं होती, तेव्हा मात्र आठवला नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे, आणि बढतीवाद्यांनी तो नीट लावून घेतलेला नाही. त्यांची मागणी आहे की आधी बढती द्या, बाकीचं मग बघू. तसं झालं तर ला पिएदाद पुन्हा घडेल: छोट्या गावचा संघ हंगामभर राबून वर जाण्याचा हक्क मिळवेल आणि निकाल लागल्याच्या पंधरवड्यात एखाद्या मोठ्या मैदानाचा, मोठ्या जाहिरातदाराचा मालक तो हक्क विकत घेऊन जाईल. आधी महासंघाने लिहून द्यावं की श्रेणी क्लबसोबत त्याच्या गावातच राहील, गाव सोडलं की ती जप्त होईल, आणि दंड भरून ती राखता येणार नाही. तीन वर्षांची सरासरी काढून टाकावी. पात्रतेच्या अटी तपासायचं काम क्लबमालकांच्या हातातून काढून बाहेरच्या माणसांना द्यावं आणि अटी पूर्ण करायला वर आलेल्या संघाला दोन हंगामांची मुदत द्यावी. दंडाचा पैसा बंद होईल, तर पहिल्या श्रेणीच्या टीव्हीहक्कांतला ठरावीक वाटा खाली उतरवावा. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामापासून बढती आणि घसरण चालू करावी, एकाच संघाची का असेना.